अंगणात बांधलेली पिकअप

तळोद्याला नोकरीनिमित्त मी ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते, त्या गृहस्थांना सगळं गाव डॉक्टर म्हणत असे. सरकारदरबारी ते पशुधन पर्यवेक्षक होते. पण डोंगरातल्या पाड्यांवर जो सुई घेऊन येतो तो डॉक्टर, अशी तिकडची सुटसुटीत व्याख्या आहे आणि ती दुरुस्त करण्याची त्यांना घाई नव्हती. त्यांच्या हाताखालून गेलेल्या गाई, म्हशी, शेळ्या बहुतेक बऱ्या झाल्या असं मी ऐकून आहे. मी डोळ्यांनी पाहिलेला त्यांचा पेशंट मात्र एकच. तो अंगणात उभा होता आणि बरं व्हायचं त्याच्या मनात नव्हतं.

ती एक जुनी पिकअप होती. एके काळी डॉक्टरांच्याच खात्यात नोकरीला असलेली. लशीच्या पेट्या घेऊन मोलगीपासून तोरणमाळच्या घाटापर्यंत हिंडलेली. खात्याने तिचा लिलाव काढला तेव्हा भंगारवाल्यांच्या घोळक्यात डॉक्टर जाऊन उभे राहिले आणि कुणालाही न विचारता तिला घरी घेऊन आले. कुणालाही म्हणजे वहिनींना. वहिनी म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. माझ्या माहितीतल्या सर्वांत समंजस बाई. त्यांनी त्या दिवसापासून त्या गाडीचा उल्लेख फक्त ‘हाई’ एवढाच केला. ‘हाई’ म्हणजे ‘ही’. सवतीचं नाव कोण घेतं?

मी खोली बघायला गेले तेव्हा सवयीप्रमाणे हातात यादी होती. पाणी किती वाजता येतं, मीटर वेगळा आहे का, स्कूटर लावायला जागा आहे का, छत गळतं का. ‘अंगणात पिकअप सुटी करून ठेवली आहे का’ हा प्रश्न यादीत नव्हता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक यादीत तो असतो. नव्या घरमालकांना प्रश्न कळत नाही, पण मला उत्तर ऐकून बरं वाटतं.

गाडीचं तोंड घराकडे होतं आणि शेपूट फाटकाकडे, गोठ्यात गाय बांधतात तशी. चाकांच्या जागी विटा होत्या. चाकं आतल्या खोलीत पलंगाखाली होती. “उंदीर रबर खातात,” डॉक्टरांनी मला समजावलं. माझ्याशी ते कार्यालयीन मराठीत बोलत, घरच्यांशी आणि गाडीशी अहिराणीत. मला त्यात अपमान वाटायचं कारण नव्हतं. गाडी त्यांच्याकडे माझ्याआधी राहायला आली होती.

आठवडाभर डॉक्टर इतर जनावरांचे असत. शनिवारी आणि रविवारी तिचे. सकाळी चहा झाला की जुनी खाकी पँट चढवून ते अंगणात येत आणि समोरून, दिसेल असे, तिच्याजवळ जात. मागून कधीच नाही. “मागून गेलं की बुजतं जनावर,” असं त्यांचं म्हणणं. मग बॉनेटवर थाप मारायची, खोकून घसा साफ करायचा आणि विचारायचं, “काय वं, का रुसनी?” ती काही बोलत नसे. डॉक्टर मग गळ्यातला स्टेथोस्कोप इंजिनाला लावत. त्या इंजिनाचं अर्धं पोट त्या वेळी स्वयंपाकघरातल्या माळ्यावर असे, त्यामुळे आत काय ऐकू येत असेल हे मी एकदा विचारलं.

“मॅडम, मुकं जनावर आहे. आपण ऐकत राहायचं,” ते म्हणाले.

“पण इंजिन चालू नाही.”

“म्हणूनच नीट ऐकू येतं.”



त्यांची निदानंही तशीच. ऑइल गळत असलं तर ‘हगवण’, बॅटरी उतरली तर ‘अशक्तपणा’, गंजलेला पत्रा म्हणजे ‘खरूज’. ऑइल भरताना ते तिला “पी वं माय, पी,” असं चुचकारत. दसऱ्याला सगळं गाव गाड्या धुऊन हार घालतं, तेव्हा डॉक्टर आमच्या गाडीकडे ढुंकून बघत नसत. त्यांची पूजा पोळ्याला. बॉनेटला हिंगूळ, आरशांना गोंडे, आणि रेडिएटरच्या जाळीपुढे पुरणपोळी. पुरणपोळी संध्याकाळी कुत्री नेत. डॉक्टर समाधानाने सांगत, “खाल्लं आज तिने.”

त्यांच्या कामाची एक पद्धत होती, ती मला मान्य नव्हती म्हणून तिला पद्धत म्हणायला मी बराच काळ तयार नव्हते. काढलेला प्रत्येक भाग ते घरात एका ठरावीक जागी ठेवत आणि ती जागा डोक्यात ठेवत. कागदावर काही नाही. क्लचची प्लेट देव्हाऱ्याच्या खाली, नॉझल वहिनींच्या लोणच्याच्या बरणीशेजारी, गिअरबॉक्समधली चक्रं नि कांड्या खिडक्यांच्या कट्ट्यांवर ओळीने, ज्या क्रमाने निघाली त्या क्रमाने. दारातून शिरून डाव्या हाताने घर फिरत गेलं की गिअरबॉक्स आपोआप जुळत जाईल, असं त्यांचं गणित. मी डबे आणि चिठ्ठ्या देऊ केल्या. डॉक्टर हसले. “मॅडम, गाईच्या पोटात चिठ्ठ्या असतात का?” म्हणाले. नसतात, हे मला कबूल करावं लागलं.

त्यांच्या चिकाटीबद्दल शंका घेणाऱ्याला मी दाराची गोष्ट सांगते. उजव्या बाजूचं दार गाडीला नव्हतंच. ते कुठल्याशा अपघातात निखळून डोंगरात राहिलं होतं. डॉक्टरांनी लसीकरणाच्या फेऱ्यांत चौकशी करत करत ते मोलगीच्या पुढे एका पाड्यावर शोधून काढलं. एका म्हाताऱ्या बाबाने त्याचं कोंबड्यांच्या खुराड्याला दार केलं होतं. त्या दिवशी मीही माझ्या कार्यालयाच्या कामासाठी त्यांच्या खात्याच्या जीपमध्ये होते, म्हणून हे मी स्वतः पाहिलं. डॉक्टरांनी दार मागितलं. बाबाने हँडल फिरवून काच खाली केली, वर केली.

“काच खाली होते ना, दाणा टाकाय बरं पडते,” बाबा म्हणाला. “कोंबडी बाहेर येत नाही, मुंगूस आत जात नाही. असं दार बाजारात मिळते का?”

मिळत नाही. डॉक्टरांनी त्याच्या सगळ्या कोंबड्यांना लस दिली, ती तशीही द्यायचीच होती. मग शेळ्यांची खुरं कापून दिली. बाबाने आभार मानले आणि काच वर केली. शेवटी डॉक्टर म्हणाले, याहून चांगलं, नवं दार आणून देतो. आठवड्याने त्यांनी ते खरंच नेऊन दिलं आणि आपलं दार घेऊन विजयी मुद्रेने परतले. नवं दार कुठलं, हे मला त्या संध्याकाळी आंघोळीला गेल्यावर कळलं. माझ्या न्हाणीघराला दार नव्हतं.

“रंगवायला काढलंय,” डॉक्टर खालून म्हणाले.

“कुठे रंगवताय, मोलगीला?”

वहिनींनी स्वतःची जुनी साडी पडद्याला दिली आणि डोक्याला हात लावला. “ताई, हाऊ माणूस एक दिन मालेबी कोठे तरी बसाडी दी!” म्हणाल्या, म्हणजे मलाही कुठे तरी बसवून टाकेल. दोन महिने मी साडीच्या आडोशाला आंघोळ केली. भाडं तेवढंच.

हे सगळं असंच चालत राहिलं असतं. पण एका वर्षी भाऊबंदांच्या पाळीने कानबाई आमच्याकडे आली.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. श्रावणात रविवारी घरात कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून तिचा मुखवटा सजवतात, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात. सगळी भाऊबंदकी जमते. एरवी जमिनीच्या बांधावरून एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं तो एक दिवस एका ताटात जेवतात. ज्याच्या घरी कानबाई असते त्याचं घर आधी झाडून, धुऊन, चुना मारून लख्ख करतात. त्या वर्षी ते घर डॉक्टरांचं होतं आणि अंगणाच्या मध्यभागी, जिथे मांडव घालायचा, तिथे ‘हाई’ होती.

वहिनींनी आवाज न चढवता निकाल दिला. “कानबाईना सोमवारले हाई सोताना पायवर फाटकबाहेर गयी ते ठीक. नई ते मंगळवारले भंगारवाला लई जाई. मी त्याले सांगी ठेयेल शे.”

त्यांनी भंगारवाल्याला खरंच सांगितलं होतं. तो येऊन गाडीभोवती एक फेरी मारून, पत्रा वाजवून गेला होता. डॉक्टर त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यातच आक्कांचा फोन आला. आक्का म्हणजे डॉक्टरांची मोठी बहीण. आई लवकर गेल्यावर डॉक्टरांना त्यांनीच वाढवलं. लग्न होऊन शहाद्याकडे एका खेड्यात गेल्या तरी दर वर्षी कानबाईला येत आणि त्यांच्याच डोक्यावरून ती नदीवर जाई. अलीकडे गुडघे गेले. दोन-तीन वर्षं त्यांनी निरोप दारातूनच दिला होता. या वर्षी माहेरच्या घरची कानबाई, त्यांना नदी बघायची होती. चालता येत नव्हतं. रिक्षा करू म्हटलं तर फोनमधून आवाज अंगणात ऐकू आला.

“रिक्षामा मी नई बसाव! रिक्षामा दवाखानामा जातस. कानबाईना संगे का कोनी रिक्षामा जास?”

“आक्का,” डॉक्टर म्हणाले, “मन्ही गाडीमा लई जासू तुले. शब्द शे मन्हा.”

शब्द देताना त्यांच्या गाडीचा गिअरबॉक्स खिडक्यांच्या कट्ट्यांवर होता.

त्यानंतर मी जे पाहिलं त्याला झपाटा म्हणतात. शनिवार-रविवार कमी पडले म्हणून डॉक्टर रोज संध्याकाळीही गाडीखाली दिसू लागले. चाकं पलंगाखालून बाहेर आली, दार बसलं, इंजिनाचं पोट माळ्यावरून खाली उतरलं. फक्त गिअरबॉक्स राहिला. आणि नेमकं तेव्हा त्यांना तोरणमाळच्या बाजूला फेरीवर जावं लागलं. घरात त्या दिवशी वहिनी, त्यांच्या जावा आणि नणंदा कानबाईची सफाई करायला जमल्या.

त्या बायकांच्या कष्टाला मी नावं ठेवणार नाही. घरात काळंकुट्ट लोखंड दिसलं, त्यांनी ते उचललं. चिंच आणि राख लावून तांब्यापितळेसारखं घासलं. गच्चीवर जुन्या धोतरावर कुरडया घालतात तसं वाळत घातलं. मग आकारमानाप्रमाणे लावून, मोठं खाली, लहान वर, स्टीलच्या डब्यांत भरलं. गिअरची चक्रं अशी चकाकत होती की कारखान्यातून निघतानाही तशी चकाकली नसतील. कुठलं चक्र कुठल्या कट्ट्यावर होतं, हे आता फक्त कानबाईलाच माहीत होतं.

डॉक्टर आले, त्यांनी रिकामे, चुना लावलेले कट्टे पाहिले.

“हाई कोनी करं?”

“आम्ही करं,” वहिनी म्हणाल्या. “कानबाई घर येई ऱ्हायनी आनि काळं लोखंड तसंच ठेवाले का?”

डॉक्टर कट्ट्यावर बसले. हाताला चुना लागला, तो पँटला पुसला. मला त्या क्षणी त्यांची दया आली. ही भावना माझ्या स्वभावात बसत नाही, म्हणून मी लगेच कामाला लागले. डबे गच्चीवर ओतून मी वर्गवारी केली. ‘गोल, दात असलेले.’ ‘गोल, दात नसलेले.’ ‘लांब.’ ‘हे काय आहे?’ शेवटचा डबा सर्वांत जड भरला. डॉक्टरांनी माझी वर्गवारी कौतुकाने पाहिली आणि सगळे डबे पुन्हा एका घमेल्यात ओतले.

मग एकेक चक्र हातात घेऊन, डोळे मिटून, बोटांनी चाचपून त्यांनी ते जुळवलं. “बिचाऱ्या गाईचं वासरू आडवं आलं की असंच करायचं असतं,” म्हणाले. मी विचारलं, वासरू नेहमी नीट येतं का? “बहुतेक,” डॉक्टर म्हणाले.

रविवारी कानबाई बसली. मांडव गाडीच्या बॉनेटला लागूनच घालावा लागला. आक्का आल्या, त्यांना खुर्चीसकट उचलून आत आणलं. रात्रभर बायकांनी गाणी म्हटली आणि सोमवारी सकाळी, वहिनी डोक्यावर कानबाई घेऊन दारात उभ्या असताना, डॉक्टरांनी आक्कांना केबिनमध्ये बसवलं आणि किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली. धूर मांडवभर झाला, दोन-तीन म्हाताऱ्या खोकल्या, पण इंजिन खरंच, स्वतःच्या जिवावर, धडधडत होतं. डॉक्टरांनी गिअर टाकला आणि पिकअप शेपटीकडून फाटकाबाहेर, रस्त्यावर गेली. भाऊबंदांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींच्या चेहऱ्यावर काही हललं, पण डोक्यावर कानबाई होती म्हणून मान हलली नाही. मीही टाळ्या वाजवल्या. ती वाट उलटीच काढायची होती, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटायचं कारण नव्हतं.

रस्त्यावर तोंड नदीकडे करून डॉक्टरांनी पहिला गिअर टाकला. गाडी मागे गेली. त्यांनी दुसरा टाकला. गाडी मागे गेली. तिसऱ्याला ती जागेवरच गुरगुरली. चौथ्याला पुन्हा मागे.

वाजंत्री थांबली.

“काका,” एक पुतण्या ओरडला, “तिले घर जावानं शे!”

“मामा, स्टेथोस्कोप लाव!”

डॉक्टर स्टिअरिंग धरून बसले होते. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. आमच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. केबिनमधून आक्कांनी विचारलं, “काय व्हयनं रे भाऊ?”

“आक्का, पुढे जास नई.”

“मांगे जास का?”

“मांगे जास.”

“मंग तोंड फिराव ना तिन्हं. शेपूट नदीकडे कर नि चाल.”

सगळ्यांना हे इतकं पटलं की कुणी हसलंही नाही. पुतण्यांनी गाडी ढकलून फिरवली. आक्का म्हणाल्या, आता केबिनमध्ये बसून मला घरच दिसेल, माले मांगे बसाडा. त्यांना उचलून हौद्यात गादीवर बसवलं. आणि तळोद्याच्या बाजारातून कानबाईची मिरवणूक निघाली. पुढे वाजंत्री, मग वहिनींच्या डोक्यावर कानबाई, तिच्याभोवती फुगड्या, आणि लगेच मागे, हौदा पुढे करून, उलटी येणारी पिकअप. आक्का आणि कानबाई यांच्यामध्ये काच नाही, बॉनेट नाही, काही नाही. आक्का टाळ्या वाजवत गाणं म्हणत होत्या. डॉक्टर मान मागे वळवून, एका हाताने सीट धरून गाडी हाकत होते. कापडदुकानांचे मालक पायरीवर येऊन उभे राहिले. एकाने मला विचारलं, “मॅडम, ये कौनसा रिवाज है?” मी म्हटलं, नवीन आहे.

नदीवर उतार होता. साधी सुलटी गाडी तिथे पाण्याकडे नाक करून वरच उभी राहिली असती आणि आक्कांनी केबिनमधून विसर्जन पाहिलं असतं. आमची गाडी शेपटीने उतारावर गेली. मिरवणुकीने वाट दिली.

“आखो मांगे ले,” आक्का म्हणाल्या. आखो म्हणजे आणखी.

डॉक्टरांनी घेतली.

“आखो.”

मागची चाकं पाण्यात गेली तेव्हा पुतण्याने हौद्याचा मागचा फाळका उघडला. आक्का गादीवरून सरकत सरकत काठावर आल्या, पाय पाण्यात सोडले. वहिनी कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरची कानबाई उतरवली, एक क्षण थांबल्या आणि नणंदेच्या हातात दिली. आक्कांनी ती वाकून, स्वतःच्या हातांनी नदीत सोडली. मग ओले हात तोंडावरून फिरवले आणि बराच वेळ तसेच ठेवले.

डॉक्टर खाली उतरले तेव्हा त्यांची मान डाव्या खांद्यावर अडकली होती. त्या अवस्थेत त्यांनी आक्कांना समजावलं की एक कांडी उलटी बसली असावी, रविवारी खोलतो, नीट करतो.

“हात लाव, मंग देख,” आक्का म्हणाल्या. “पुढला सालले माले आशीज पाहिजे.” मग पुतण्यांनी गाडी ढकलत उतारावरून वर काढली, पुन्हा फिरवली, आणि आक्कांना घेऊन ती उलटीच घरी आली.

मंगळवारी सकाळी भंगारवाला आला, कबूल केल्याप्रमाणे, एक टेम्पो आणि दोन माणसं घेऊन. डॉक्टर आत मानेला शेक घेत पडले होते. वहिनी फाटकात गेल्या. मी जिन्यात होते, स्कूटरची किल्ली हातात.

“वहिनी, गाडी लेवाले उनू.”

“कोनती गाडी?”

“बंद पडेल ती.”

“बंद कोठे शे? काल नदीवर जाई उनी.”

भंगारवाला हसला. “उलटी गयी म्हने ती. आखं गाव सांगी ऱ्हायनं.”

“उलटी का सुलटी,” वहिनी म्हणाल्या, “मन्ही नणंदले लई गयी नि लई उनी. तुन्हा टेम्पो काढ आठेन. रस्ता अडकी ऱ्हायना.”

टेम्पो गेला. वहिनींनी फाटक लावलं, पदर खोचला, बादलीत पाणी आणि काथ्या घेतला, आणि पिकअपच्या मागच्या चाकांशी बसून त्यांना लागलेला नदीचा गाळ घासून काढायला लागल्या. मी स्कूटर बाहेर काढायला थांबले होते. त्यांनी मान वर करून सांगितलं, “ताई, थोडा टाइम लागी.”